भात सोडला, साखर उतरली... पण कोलेस्टरॉल का चढलं?

कर्बोदकं तोडली की वजन घटतं, रक्तातली साखर आटोक्यात येते. मात्र याच पथ्यावर काहींचं कोलेस्टरॉल भलतंच वर जातं आणि घरात वाद सुरू होतो: पथ्य सोडायचं की रिपोर्टकडे काणाडोळा करायचा? भाताचं माहेरघर असलेल्या चेन्नईत माणसाच्या पानातल्या भाताचा अभ्यास गेली कित्येक वर्षं चालू आहे. त्यातून जे हाती आलंय, ते मराठी स्वयंपाकघरालाही लागू पडणारं आहे.

मद्रासी माणसाने भात सोडला, असं पंचवीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. कोल्हापूरकराने तांबडा-पांढरा रस्सा सोडल्यासारखंच ते! चेन्नईच्या कुठल्याही घरात डोकावा. सकाळी इडली किंवा पोंगल, दुपारी पानावर आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी दही-भात आणि रात्री पुन्हा दोसा नाही तर उत्तप्पा. नावं अनेक, मूळ एकच: तांदूळ. तरीही याच तमिळनाडूत २०१० नंतरच्या दशकात कित्येकांनी पानातला भात बाजूला सारला. 'निअँडर सेल्वन' या नावाने लिहिणाऱ्या तमिळ लेखकाने 'पेलिओ' आहाराचा प्रचार केला, त्यावर तमिळमध्ये पुस्तकं निघाली आणि बघता बघता लाट आली. एका वेळच्या जेवणाऐवजी शंभर बदाम, कॉफीऐवजी लोणी घातलेला चहा, दुपारी पनीर किंवा मांस-मासळी आणि भाजी, रात्री बलकासकट चार अंडी. धान्य, डाळी, साखर पूर्ण बाद. अश्मयुगातला माणूस शेती करत नव्हता, तेव्हा धान्य हे माणसाचं खाणंच नव्हे, असा या पंथाचा दावा. (अश्मयुगात लोणी कोण घुसळत होतं आणि पनीर कोण पाडत होतं, हे मात्र विचारायचं नाही!)

थट्टा बाजूला ठेवू, कारण या पथ्याचा गुण अनेकांना आला हे नाकारता येत नाही. कर्बोदकं अशी तोडली की भूक मंदावते, वजन उतरतं, मधुमेह्यांची साखर खाली येते, काहींच्या गोळ्याही कमी होतात. आपल्याकडेही पुण्या-मुंबईत 'कीटो' करणारी तरुण मंडळी हाच अनुभव सांगतात. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेली दोन वेळा जेवणाची पद्धत मराठी वाचकांना ठाऊक आहेच. पण तिचा मुख्य भर किती वेळा खायचं यावर. इथे प्रश्न काय खायचं याचा आहे.

आणि घोळ होतो तो तीन-चार महिन्यांनी, रक्ताचा रिपोर्ट हातात पडतो तेव्हा. साखर छान. ट्रायग्लिसराइड्स निम्मी. पण एलडीएल, म्हणजे ज्याला आपण 'वाईट कोलेस्टरॉल' म्हणतो, ते दीडशे, दोनशे, कधी त्याच्याही वर! डॉक्टर स्टॅटिनची गोळी लिहून देतात. पेशंट म्हणतो, माझं वजन उतरलं, साखर उतरली, मी कधी नव्हे इतका बरा आहे, मग हा आकडा तेवढा खोटा असणार. बायको म्हणते, डॉक्टर सांगतात ते ऐका. कुणाचं खरं?

भातावरचा ठपका खोटा नाही

चेन्नईचं नाव मधुमेहाच्या संशोधनात जगभर घेतलं जातं. १९४८ मध्ये प्रा. एम. विश्वनाथन यांनी इथल्या स्टॅन्ली रुग्णालयात मधुमेहासाठी खास बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि १९५४ मध्ये रोयापुरम भागात रुग्णालय काढलं. गंमत अशी, की १९७० च्या दशकात याच विश्वनाथन यांनी मधुमेह्यांना दिलेला आहार होता भरपूर कर्बोदकांचा आणि कमी चरबीचा! अर्थात त्यात दोन अटी होत्या, कॅलरी मोजून द्यायच्या आणि प्रथिनं भरपूर ठेवायची. पुढे लोकांच्या लक्षात फक्त 'चरबी कमी' एवढंच राहिलं आणि पानातला भात वाढत गेला.

त्यांचे चिरंजीव डॉ. व्ही. मोहन आणि नात डॉ. आर. एम. अंजना यांनी मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये जे काम उभं केलं, त्याने या भाताचा हिशेब मांडला. १९९६-९७ मध्ये शहरातल्या दोन वसाहती निवडल्या गेल्या, एक मध्यमवर्गीयांची आणि एक गरिबांची. वीस वर्षांवरच्या रहिवाशांची तपासणी झाली, तेव्हा ११ टक्के लोकांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार आढळला. त्यानंतर २००१ पासून सव्वीस हजार लोकांचं मोठं सर्वेक्षण सुरू झालं. त्यातल्या काही जणांच्या खाण्याची बारकाईने नोंद घेतली, तर दिवसाच्या कॅलरींपैकी जवळजवळ ४७ टक्के एकट्या सडलेल्या, पॉलिश केलेल्या धान्यातून येत होत्या आणि त्यातही तीन चतुर्थांश वाटा पांढऱ्या तांदळाचा. हे धान्य सर्वांत जास्त खाणाऱ्या गटात पोट सुटणं, रक्तदाब, वाढलेली साखर, चढलेली ट्रायग्लिसराइड्स आणि उतरलेलं एचडीएल या दुखण्यांचा जथा एकत्र असण्याची शक्यता सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा जवळजवळ आठपट निघाली. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता यात 'ते मद्रासी, आपण पोळी-भाकरीवाले' म्हणून सुटका करून घेऊ नका. याच संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर सर्वेक्षण केलं. त्याच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगडबरोबर महाराष्ट्रही होता. २०१४ मध्ये आलेल्या त्या अहवालाचे पहिले लेखक मुंबईचे डॉ. शशांक जोशी. त्यात काय दिसलं? शंभरातल्या ७९ जणांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड होता. पण एकूण कोलेस्टरॉल वाढलेले जेमतेम १४ टक्के. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले साडेएकोणतीस टक्के आणि चांगलं कोलेस्टरॉल म्हणजे एचडीएल कमी असलेले तब्बल ७२ टक्के!

ही खूण ओळखीची आहे. जास्तीची कर्बोदकं यकृतात पोचली की यकृत त्यांची चरबी करतं. ती ट्रायग्लिसराइड्सच्या रूपाने छोट्या पुड्यांत बांधून रक्तात सोडली जाते. या पुड्यांची गर्दी झाली की एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात. म्हणजे तेल-तूप फारसं न खाताही रक्तात चरबी! वरणभात, बटाट्याची भाजी आणि दोन पोळ्या असं 'साधं' जेवणाऱ्या आपल्या काकांचे ट्रायग्लिसराइड्स तीनशे कसे, याचं उत्तर इथे आहे.

तेव्हा भात कमी करणाऱ्यांचं पहिलं पाऊल बरोबर पडलं होतं.

दुसरं पाऊल कुठे पडलं?

भात काढला, पण पानात जागा रिकामी राहत नाही. तिथे काहीतरी येतंच. लोणी, चीज, साय, खोबरेल तेल, बीफ-मटणाची चरबी आली तर एक परिणाम; मूग, हरभरे, शेंगदाणे, बांगडा आला तर दुसरा. साखरेला याचा फारसा फरक पडत नाही. हृदयाला पडतो, आणि तो बराच मोठा.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडून आत ओढणारे जणू हात असतात. हे हात शोधून काढल्याबद्दल मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकन संशोधकांना १९८५ चं नोबेल पारितोषिक मिळालं. लोणी-तुपातली संपृक्त चरबी जास्त झाली की हे हात कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. याउलट डाळी, कडधान्यं, ओट्स यांतला विरघळणारा तंतुमय भाग आतड्यात पित्त बांधून बाहेर काढतो; मग नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टरॉल ओढून घ्यावं लागतं. आता बघा, पेलिओवाल्याने लोणी वाढवलं आणि डाळी बंद केल्या. म्हणजे हातही घटवले आणि उचलण्याचं कारणही काढून घेतलं. एलडीएल चढलं तर नवल काय?

थोडे आकडे सांगते, स्वयंपाकघरात उपयोगी पडतील. तुपात संपृक्त चरबी साठ टक्क्यांच्या वर असते. लोण्यात पन्नासच्या आसपास. खोबरेल तेलात मात्र ८५ ते ९० टक्के! शेंगदाणा तेलात वीसच्या आत आणि तमिळ घरातल्या तिळाच्या तेलात, ज्याला तिथे 'नल्लेण्णै' म्हणजे चांगलं तेल म्हणतात, पंधराच्या आसपास. नाव अगदी सार्थ. 'नैसर्गिक' म्हणून कोकणात आणि केरळात खोबरेल तेलाची जोरदार भलावण होते, पण २०२० मध्ये १६ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सरासरी दहा मिलिग्रॅमने वाढवलेलं दिसलं. खवलेला नारळ भाजीवर पेरायला हरकत नाही. चमचा चमचा तेल औषध म्हणून पिणं हा शुद्ध वेडेपणा.

अंड्याचा बलक आपण उगाच बदनाम केला. खाण्यातल्या कोलेस्टरॉलचा रक्तातल्या कोलेस्टरॉलवर होणारा परिणाम संपृक्त चरबीपेक्षा कमी असतो. आणि त्या शंभर बदामांनाही कुणी हसू नये. त्या सगळ्या पथ्यात हृदयाच्या सर्वांत हिताची गोष्ट तीच होती, फक्त त्यांत सहा-सातशे कॅलरी असतात एवढं ध्यानात ठेवायचं.

रिपोर्टचं गणित

एक नेहमीचा नमुना घेऊ. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण असे कागद कुठल्याही डॉक्टरच्या टेबलावर दिसतील. पथ्याआधी एकूण कोलेस्टरॉल २१०, ट्रायग्लिसराइड्स २६०, एचडीएल ३६. चार महिन्यांनी एकूण २९०, ट्रायग्लिसराइड्स ११०, एचडीएल ४६. पेशंट खूश! ट्रायग्लिसराइड्स पडली, एचडीएल वाढलं.

आता वजाबाकी करा. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूणातून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भागही वजा करायचा. आधी २१० वजा ३६ वजा ५२, म्हणजे १२२. नंतर २९० वजा ४६ वजा २२, म्हणजे २२२. एलडीएल शंभराने वाढलं. कुणी म्हणेल, पण कण आता मोठे, मऊ, निरुपद्रवी झाले. मग दुसरा सोपा हिशेब करा. एकूणातून फक्त एचडीएल वजा करा. धमनीत रुतणारं सगळं कोलेस्टरॉल त्या आकड्यात येतं. आधी १७४ होतं, आता २४४. मोठे असोत की बारीक, कण मुळात जास्त आहेत. ट्रायग्लिसराइड्सचं सुधारणं ही खरी कमाई आहे, मात्र तिने हा खर्च भरून निघत नाही.

'ट्रायग्लिसराइड्स कमी असले की एलडीएल कितीही असो' हे वाक्य या पथ्याच्या प्रचारात सर्रास ऐकू येतं. ते मला पटत नाही. ज्यांचं एलडीएल आनुवंशिक दोषामुळे जन्मापासून जास्त असतं, अशांना बाकी सगळं ठीक असूनही ऐन तारुण्यात हृदयविकार होतात, हे डॉक्टरांनी पिढ्यानपिढ्या पाहिलंय. ब्रिटनमधल्या एका मोठ्या नोंदवहीतल्या ३०५ जणांचा अभ्यास कॅनडाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. हे लोक २५ टक्क्यांहून कमी कॅलरी कर्बोदकांतून आणि ४५ टक्क्यांहून जास्त चरबीतून घेत होते. सुमारे बारा वर्षांत त्यांच्यापैकी ९.८ टक्क्यांना हृदय-रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास झाला. नेहमीचं जेवणाऱ्या १२२० जणांच्या गटात ४.३ टक्क्यांना. आता, खाण्याची नोंद एका दिवसाची होती आणि हा निरीक्षणाचा अभ्यास, त्यावरून पथ्यानेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण एलडीएल दुप्पट झालेल्या माणसाने निर्धास्त राहावं, असंही यात काही नाही.

सडपातळांनो, जपून!

सर्वांचंच एलडीएल चढतं असं नाही, आणि इथेच एक अनपेक्षित गोष्ट समोर येते. २०२४ मध्ये ४१ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात लठ्ठ लोकांचं एलडीएल कर्बोदकं तोडूनही फारसं हललं नाही. वाढलं ते सडपातळ लोकांचं. मुळात ज्यांना वजन घटवायची गरज नव्हती, जे मित्राचं बघून किंवा 'फिट' दिसायचं म्हणून कीटोवर गेले, त्यांच्यातच आकडे उसळले!

आपल्या लोकांना हे दुप्पट लागू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून वैद्यकीय जगात धमाल उडवली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून किरकोळ दिसणारा भारतीय माणूस आतून किरकोळ नसतो. शिवाय लायपोप्रोटीन-ए नावाचा एक आनुवंशिक कण असतो. सुमारे २५ टक्के भारतीयांत तो धोक्याच्या पातळीवर असतो आणि तो खाण्यापिण्याने बदलत नाही. म्हणून कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सांगितलं, की प्रत्येकाने ही चाचणी आयुष्यात एकदा तरी करावी आणि कोलेस्टरॉलची पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करून घ्यावी. त्याच शिफारशींनुसार एरवी धडधाकट माणसाचं एलडीएल १०० च्या खाली, मधुमेही किंवा रक्तदाबवाल्यांचं ७० च्या खाली आणि हृदयविकार होऊन गेलेल्यांचं ५५ च्या खाली असावं. आईवडिलांपैकी कुणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल, त्यांनी पथ्य सुरू करण्याआधीच रक्त तपासून घ्यावं. नंतर वाद नकोत.

बायकांनी आणखी एक पाहावं. चाळिशीनंतर थायरॉइड मंदावलं तरी एलडीएल वाढतं आणि पाळी गेल्यावर तर ते आपसूक चढतं. सगळं खापर लोण्यावर फोडण्याआधी टीएसएच करून घ्या. तसंच वजन झरझर उतरत असताना अंगातल्या चरबीतलं साठलेलं कोलेस्टरॉल रक्तात येतं, त्या दिवसांतला रिपोर्ट फसवा असतो. वजन महिनाभर स्थिर राहू द्या, मग तपासा. तेव्हाही चढलेलंच असेल तर मात्र आधी संपृक्त चरबी उतरवायची, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं आणि तरी ऐकलं नाही तर गोळी घ्यायची. स्टॅटिनबद्दल लोकांच्या मनात उगाच अढी असते. ही गोळी यकृताला स्वतःचं कोलेस्टरॉल कमी बनवायला लावते, मग ते एलडीएल पकडणारे हात वाढवतं, एवढंच तिचं काम. आणि जाता जाता, पहिलं स्टॅटिन शोधणारे जपानी संशोधक अकिरा एंदो यांना ते ज्या बुरशीत सापडलं, ती क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची होती. तांदूळ काही पाठ सोडत नाही!

किती कमी करायचं?

इतकी वर्षं सर्वेक्षणं करणाऱ्या चेन्नईकर संशोधकांचं यावर काय मत? २०२२ मध्ये त्यांनी देशातल्या १८,०९० लोकांच्या खाण्याच्या नोंदींवरून गणित मांडलं. मधुमेह परतवायचा तर ४९ ते ५४ टक्के कॅलरी कर्बोदकांतून घ्याव्यात, १९-२० टक्के प्रथिनांतून आणि २१ ते २६ टक्के चरबीतून. म्हणजे कीटोसारखं पाच-दहा टक्क्यांवर जायची गरज नाही. आज आपण सरासरी ६२ टक्क्यांवर आहोत. दहा-बारा टक्के कमी करून ती जागा मुख्यतः प्रथिनांना द्यायची, बस्स. जगाचा अनुभव याच्याशी जुळतो. अठरा देशांतल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांचा 'प्युअर' अभ्यास, ज्यात चेन्नईही होतं, २०१७ मध्ये सांगून गेला की फार जास्त कर्बोदकं खाणाऱ्यांत मृत्यू जास्त. तर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पंधरा हजार लोकांच्या अभ्यासात दिसलं की फार कमी खाणाऱ्यांतही जास्त. सर्वांत सुरक्षित पन्नास-पंचावन्न टक्केवाले. आणि कमी खाणाऱ्यांतही ज्यांनी ती जागा मांस-लोण्याने भरली त्यांचं नुकसान, कडधान्यं आणि दाणे-बदामांनी भरली त्यांचा फायदा.

२०२५ मध्ये याच संस्थेने आणखी एक गोष्ट दाखवली, ती आपल्याकडच्या भाकरीप्रेमींना रुचणार नाही. तांदूळ किंवा मैदा काढून तितकाच गहू किंवा भरड धान्य खाल्लं, तर धोका कमी होताना दिसला नाही. एकूण कर्बोदकं घटली तरच फायदा. म्हणजे भात सोडून तीन ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या तर जिथे होतो तिथेच! ज्वारीच्या पिठातही शंभर ग्रॅममागे सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. गलाईच्या धंद्यानिमित्त खानापूर-आटपाडीकडून दक्षिणेत गेलेली मराठी माणसं भाताच्या मुलखातही भाकरी टिकवून आहेत. त्यांनीही संख्या मोजावी. उपासाच्या साबुदाण्याबद्दल तर बोलायलाच नको, तो निव्वळ स्टार्च.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर एक धोक्याची सूचना. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तेवढीच ठेवून एकदम भात-पोळी बंद केली की साखर एवढी उतरते की माणूस चक्कर येऊन पडतो. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असताना कीटो केलं तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकतं. या गोळ्या आता स्वस्त झाल्यामुळे घरोघरी आहेत. पथ्य बदलायच्या आधी डॉक्टरांना विचाराच.

पानात काय वाढायचं?

हृदयाला मानवेल असं कमी कर्बोदकांचं जेवण चेन्नईत शोधायला अश्मयुगात जावं लागत नाही. मरिना समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी फिरा. कागदाच्या पुडीत वाटाण्याचं सुंडल मिळतं, कैरीचे आणि खोबऱ्याचे तुकडे घातलेलं. नवरात्रात तर तमिळ घरांत रोज वेगळ्या कडधान्याचं सुंडल असतं: हरभरे, चवळी, मूग. आपल्या उसळीचं सख्खं भावंडं! पालेभाजीचं डाळ घातलेलं कूटू, फरसबीचं पोरियल, चार डाळींची आडई. फक्त भाताच्या डोंगरापुढे हे सगळं चवीपुरतं वाढलं जातं, तेवढं उलटं करायचं. सांबाराचं नाव तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीराजांवरून पडलं अशी आख्यायिका आहे. पुरावा कुणी दिलेला नाही, पण मराठी माणसाला ती आवडते. ते खरं असो-नसो, सांबारातली तुरीची डाळ दाट ठेवा आणि भात अर्धी वाटी, इतकं केलं तरी गणित बदलतं.

आपल्याकडे एका वेळी एकच पोळी किंवा भाकरी, भात हवाच असेल तर अर्धी वाटी, मटकी किंवा मुगाची उसळ मात्र दोन वाट्या. दाट आमटी, मोठी वाटी भरून कोशिंबीर, एक वाटी दही किंवा ताक. मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा, तव्यावर थोड्या तेलात. सकाळच्या पोह्यांत मूठभर भिजवलेले दाणे आणि मटार घाला, पोहे निम्मे करा. तूप वर्ज्य नाही, चमचाभर घ्या. जवसाची चटणी पानात रोज असू द्या.

काजूबद्दल खास सांगायचं, कारण कोकण-गोव्याच्या लोकांनाही 'कोलेस्टरॉल वाढेल' म्हणून काजू सोडायला लावलेलं मी पाहिलंय. चेन्नईच्या याच संस्थेत ३०० मधुमेह्यांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचा निकाल छापून आला. निम्म्यांना रोज ३० ग्रॅम काजू दिले होते. त्यांचं वजन वाढलं नाही, एलडीएलही वाढलं नाही. एचडीएल थोडं वर गेलं आणि वरचा रक्तदाब सरासरी जवळजवळ पाच अंकांनी उतरला. काजू न खाणाऱ्यांचा दोनच्या आत. ३० ग्रॅम म्हणजे साधारण अठरा-वीस गर. बिनमिठाचे, न तळलेले. आणि ते जेवणाच्या वर नव्हेत, एका पोळीच्या ऐवजी.